शिकाऊ जजचं भांडवल: डॉग शोच्या रिंगमधून छोट्या उद्योजकाने काय उचलावं



दिवाळी झाली, धान घरात आलं, की आपल्या कोंढा-कोसऱ्याच्या पट्ट्यात एका माणसाच्या तोंडाकडे सगळे बघत असतात. तो म्हणजे धान खरेदी केंद्रावरचा ग्रेडर. पोत्यातले दाणे तळहातावर घेतो, ओलावा मोजायचं यंत्र लावतो. आकडा १७ टक्क्यांच्या आत आला तर माल घेतला जातो, वर गेला तर "वाळवून आणा". शेतकरी चिडतो, पण आकडा त्याच्याही डोळ्यासमोर असतो. शंकरपटाचंही तसंच. जोडी धावली, घड्याळाने सेकंद सांगितले, विषय संपला. घड्याळाशी कोण भांडणार?

आता असं काम डोळ्यासमोर आणा जिथे यंत्र नाही आणि घड्याळही नाही. समोर दहा कुत्रे, दहा मालक. प्रत्येक मालकाने वर्षभर खुराक घातलेला, पैसे घालून लांबून आलेला. आणि एक माणूस काही मिनिटं बघून, हात लावून सांगतो, हा पहिला, हा दुसरा, बाकीच्यांनी घरी जा. त्याच्याकडे दाखवायला आकडा नाही. फक्त त्याचा शब्द आहे.

हा माणूस म्हणजे डॉग शोचा जज. आणि आजचा विषय त्याच्याही आधीचा आहे, म्हणजे जो जज बनायला शिकतोय तो. शिकाऊ जज.

तुम्ही म्हणाल, "सर, आम्हाला पापडाचा धंदा करायचा आहे, मोबाईल रिपेअरिंग करायचं आहे, कुत्र्यांच्या जजचं आम्ही काय करू?" थांबा जरा. पहिली गोष्ट, आपल्याकडे कुत्र्यांच्या भोवती धंदे उभे राहताहेत. पिल्लं विकणं, आंघोळ-केस कापणं, गावाला जाणाऱ्याचा कुत्रा सांभाळणं, खाद्य विकणं. या पोरांपैकी काही जण मला विचारतात, "जज बनता येतं का जी? पैसे किती मिळतात?" दुसरी गोष्ट, ज्याला विकायला फक्त स्वतःचा शब्द आहे, त्याने कसं वागायचं हे ज्या धंद्यात सगळ्यात कडकपणे लिहून ठेवलंय, त्या धंद्यातून बाकी सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. शिकाऊ काळात ज्ञान कमी असलं तरी चालतं, वागणूक कमी असली तर चालत नाही. ज्ञान पुढे वाढतं. वागणुकीवर एकदा पडलेला डाग मात्र पुसता पुसत नाही.

आधी हे क्षेत्र काय आहे ते बघू

भारतात जातिवंत कुत्र्यांची नोंदणी आणि शो यांचं मोठं काम केनेल क्लब ऑफ इंडिया करतो. त्याचं मुख्यालय चेन्नईत आहे. जगभरातल्या केनेल क्लबांची एक महासंघटना आहे, तिला एफसीआय म्हणतात. १९११ साली युरोपातल्या पाच देशांनी ती स्थापन केली, कार्यालय बेल्जियममध्ये आहे. जजांनी कसं वागायचं याचे तिचे लेखी नियम आहेत. प्रत्येक क्लबच्या नियमांत थोडा फरक असतो, म्हणून अर्ज करण्याआधी त्या त्या क्लबचे चालू नियम वाचायचेच. पण गाभा सगळीकडे सारखाच.

महाराष्ट्रात पुण्या-मुंबईसारख्या शहरांत केनेल क्लबांचे शो होतात. आणि कुत्र्यांचं प्रदर्शन ही काही फक्त शहरी हौस नाही बरं का. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, लाल कंधारी गाई-बैल, कोंबड्या यांच्यासोबत श्वान प्रदर्शनही असतं. त्या पट्ट्यात कारवान कुत्रा पाळणारी घरं आहेत. सडपातळ, लांब पायांचा, सशामागे सुटणारा कुत्रा. धोतर-पागोटं घातलेला माणूस आपला कुत्रा घेऊन मैदानात उभा असतो, आणि त्याचं काळीज शहरातल्या मालकाइतकंच धडधडत असतं.

रिंगमध्ये जज काय करतो? आधी सगळ्यांना एका रांगेत बघतो, गोल पळवतो. मग एकेकाला जवळ बोलावतो. लहान जातीचा कुत्रा टेबलावर, मोठा जमिनीवर. दात, जबडा, डोळे, छाती, पाठीची रेघ, मागच्या पायांची ठेवण, नर असेल तर दोन्ही वृषण उतरलेत का, हे सगळं हाताने तपासतो. मग सरळ जाऊन परत यायला लावतो, म्हणजे चाल समोरून आणि मागून दिसते. त्रिकोणात पळवलं की बाजूनेही दिसते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जज कुत्र्याची तुलना त्याला स्वतःला काय आवडतं त्याच्याशी करत नाही. प्रत्येक जातीचं एक लेखी मानक असतं. उंची, डोकं, अंग, चाल, स्वभाव कसा असावा हे त्यात असतं. त्या मानकाच्या सगळ्यात जवळ जो, तो पहिला. आता गंमत बघा. आपल्या दख्खनच्या याच शिकारी कुत्र्याला एका क्लबात कारवान हाउंड म्हणतात, दुसऱ्या क्लबात मुधोळ हाउंड. शिकाऊ जजने "माझ्या मते मुधोळच बरोबर" असं म्हणून चालत नाही. ज्या क्लबच्या रिंगमध्ये उभा आहेस, त्या क्लबचं मानक उघड. ऑर्डर ज्या मापाची घेतली, माल त्याच मापाचा द्यायचा. शिंप्याला हे सांगावं लागत नाही.

जज होण्याची वाट

एफसीआयच्या नियमांत जज होण्यासाठी वयाची २२ वर्षं पूर्ण हवीत. आधी काही वर्षं कुत्रे पाळून, त्यांची पैदास करून किंवा शोमध्ये दाखवून झालेलं हवं. मग रिंग स्टुअर्ड म्हणून काम करायचं. रिंग स्टुअर्ड म्हणजे जजचा मदतनीस. नंबर पुकारणं, कुत्रे क्रमाने आणणं, कागद सांभाळणं. मग परीक्षा. शरीररचना, चाल, आनुवंशिकता, आरोग्य, स्वभाव, मानकं, रिंगचे नियम. त्यानंतर अनुभवी जजच्या हाताखाली प्रत्यक्ष रिंगमध्ये उभं राहायचं. तिथे तो आपलं परीक्षण लिहून देतो, आणि वरचा जज त्याच्याबद्दल अहवाल देतो.

बघा, मुख्य खुर्चीवर बसण्याआधी त्याला नंबर पुकारायला लावतात. हॉटेल काढायच्या आधी कप धुवायला लावण्यासारखंच आहे हे. ज्याला कप धुवायची लाज वाटते त्याला हॉटेलात नफा कुठे गळतो ते कधीच दिसत नाही.

जजच्या चुकीची किंमत कोण भरतं?

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच खरी गोम आहे.

जज ज्याला बक्षीस देतो, त्या कुत्र्याच्या पिल्लांना भाव येतो. भाव आला की ब्रीडर तसेच कुत्रे पैदा करतो. म्हणजे आज रिंगमध्ये जे जिंकलं, ते चार वर्षांनी बाजारात दिसतं. जजने जरा जास्तच चपट्या नाकाला बक्षीस दिलं, तर पुढची पिढी आणखी चपट्या नाकाची. होता होता कुत्र्याला श्वास घेता येईना, अशी अवस्था येते.

आणि तशी अवस्था आलीच होती. इंग्लंडमध्ये क्रफ्ट्स नावाचा जगप्रसिद्ध डॉग शो आहे, १८९१ पासूनचा. २००८ साली बीबीसीवर 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' नावाचा माहितीपट लागला. जातिवंत कुत्र्यांमध्ये दिखाऊपणापायी कसे आजार वाढलेत, हे त्यात दाखवलं होतं. एवढा गदारोळ झाला की कित्येक वर्षं क्रफ्ट्स दाखवणाऱ्या बीबीसीने २००९ पासून त्याचं प्रक्षेपण बंद केलं. पुढे २०१२ मध्ये त्या शोने १५ जातींसाठी नवा नियम आणला. जजने जातीतला सर्वोत्तम म्हणून निवडलेला कुत्रा आधी पशुवैद्य तपासणार, मगच तो पुढच्या फेरीत जाणार. त्या वर्षी १५ पैकी ६ जातींचे विजेते तपासणीत नापास झाले. त्यात पेकिंगीज होता, बुलडॉग होता.

विचार करा. जजने "हा सर्वोत्तम" म्हटलं आणि डॉक्टरने "हा पुढे जाऊ शकत नाही" म्हटलं. त्या जजांनी पैसे खाल्ले होते, असं काही माझं म्हणणं नाही. तो मुद्दाच नाही. मुद्दा असा की सगळे जे करतात तेच करत राहणं ही सुद्धा वागणुकीतली चूक असू शकते. मानकाच्या शब्दांकडे बघायचं सोडून चालू फॅशनकडे बघितलं गेलं, आणि किंमत भरली मुक्या जनावराने. नंतर संपूर्ण व्यवसायानेही भरली, कारण लोकांचा विश्वासच उडाला.

आपल्या धंद्यातही असंच होतं. सगळे मिरची पावडरमध्ये रंग घालतात म्हणून मीही घालतो, असं म्हणणारा एक दिवस सगळ्यांसोबतच बुडतो. वेगळा उभा राहिलेलाच वाचतो.

रिंगमध्ये शिकाऊने कसं वागायचं

आता प्रत्यक्ष वागणुकीकडे येऊ. यातल्या काही गोष्टी नियमांत लिहिलेल्या आहेत, काही चांगले जज आपल्या शिकाऊंना सांगतात.

एक. मत आधी लिहायचं, बोलायचं नंतर. चांगला शिकाऊ जज मुख्य जजचा निकाल लागायच्या आधी आपला क्रम वहीत लिहून ठेवतो, कारणासकट. निकाल लागल्यावर "मलाही हेच वाटलं होतं" म्हणणं सोपं आहे, पण त्यातून काही शिकणं होत नाही. वहीत तिसऱ्या नंबरवर लिहिलेला कुत्रा पहिला आला, की प्रश्न उभा राहतो, माझ्या नजरेतून काय सुटलं? तो प्रश्न रिंगमध्ये विचारायचा नाही. काम संपल्यावर, बाजूला, मानकाच्या भाषेत विचारायचा. "तो का आला?" असं न विचारता "पुढच्या खांद्याची ठेवण मला सरळ वाटली, तुम्हाला कशी दिसली?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नात तक्रार आहे, दुसऱ्यात अभ्यास.

दोन. हात लावण्याआधी विचारायचं. जजची परवानगी, मग कुत्रा धरणाऱ्याची परवानगी. कुत्र्याच्या मागून जायचं नाही, अंगावर वाकायचं नाही, समोरून किंवा बाजूने, त्याला दिसेल असं जायचं. एका कुत्र्याच्या तोंडात बोट घालून तेच बोट दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नाही, मधे हात निर्जंतुक करायचे. पार्व्हो, डिस्टेंपर हे आजार पिल्लांना मारतात, आणि ते हाता-कपड्यांवरूनही पोचू शकतात. कोणाच्या तरी घरची वर्षाची मेहनत तुमच्या हाताने संपू नये.

तीन. कॅटलॉग उघडायचा नाही. शोच्या कॅटलॉगमध्ये कुत्र्याचं नाव, आई-बाप, मालक, ब्रीडर सगळं छापलेलं असतं. एफसीआयचा नियम आहे की परीक्षणाच्या आधी किंवा परीक्षण चालू असताना जजने तो बघायचा नाही. का? कारण नाव वाचलं की डोळा बदलतो. "अरे, हा तर अमक्याचा कुत्रा" असं कळलं की मागचा पाय थोडा वाकडा असला तरी सरळ दिसायला लागतो. माणूस वाईट असतो म्हणून असं होत नाही, डोळाच तसा आहे. म्हणून नियम डोळ्यापुढे माहितीच येऊ देत नाही. तुम्ही नोकर ठेवताना, कच्चा माल घेताना हे करून बघा. सॅम्पलवर फक्त नंबर लिहा, दुकानाचं नाव झाका, मग निवडा. बऱ्याचदा नेहमीचा दुकानदार हरतो.

चार. फोन खिशात. रिंगमध्ये परीक्षण करताना फोन वापरायला जजला मनाई असते. शिकाऊने तर शोच्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकून "माझ्या मते दुसरा कुत्रा चांगला होता" असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारणं. मुख्य जजने तुम्हाला शेजारी उभं केलं, त्याचं बोलणं ऐकू दिलं. ते घरातलं बोलणं आहे, चौकातलं नाही.

पाच. हरलेल्याशी नीट बोलायचं. जिंकलेल्याशी कोणीही गोड बोलतं. मुख्य जजने कारण सांगायची जबाबदारी तुम्हाला दिली असेल तर आधी कुत्र्यातलं चांगलं सांगा, मग मानकात कुठे कमी पडला ते सांगा, आणि थांबा. मालकाची चूक काढायची नाही, दुसऱ्याच्या कुत्र्याशी तुलना नाही. जबाबदारी दिली नसेल तर एकच उत्तर, "निकाल जज साहेबांचा आहे, त्यांनाच विचारा."

"सांगता येत नाही" हेही उत्तर आहे

एफसीआयच्या शोमध्ये कुत्र्याला दर्जा देतात. उत्कृष्ट, खूप चांगला, चांगला, पुरेसा. गंभीर दोष असेल तर अपात्र. आणि याशिवाय आणखी एक शेरा असतो, त्याचा अर्थ "परीक्षण करता आलं नाही". कुत्रा चालतच नाही, सारख्या उड्या मारतो, दात बघू देत नाही, तर जज अंदाजाने दर्जा देत नाही. तो लिहितो, मला तपासता आलं नाही.

मला हा शेरा फार आवडतो. आपल्याकडे "माहीत नाही" म्हणणं कमीपणाचं समजतात. गिऱ्हाइकाने विचारलं, "किती दिवस टिकेल?" की आपण ठोकून देतो, "सहा महिने काही होत नाही!" मग दोन महिन्यांत बुरशी आली की तोंड लपवतो. त्याऐवजी म्हणा, "आम्ही दोन महिन्यांपर्यंत ठेवून बघितलंय, त्यापुढचं सांगता येत नाही." गिऱ्हाईक पळत नाही. उलट पुढच्या वेळी तुमच्या दोन महिन्यांवर त्याचा पक्का भरवसा बसतो.

याच विचारातून आणखी एक नियम आलाय. एफसीआयचा आंतरराष्ट्रीय सौंदर्य विजेता हा किताब एका शोमध्ये मिळत नाही. साधारणपणे चार प्रमाणपत्रं लागतात, ती तीन वेगवेगळ्या देशांत, तीन वेगवेगळ्या जजांकडून मिळवावी लागतात, आणि पहिल्या व शेवटच्या प्रमाणपत्रात किमान एक वर्ष आणि एक दिवस जावा लागतो. म्हणजे व्यवस्थेनेच मान्य केलंय की एका माणसाचा डोळा चुकू शकतो. तुमच्या मालाबद्दल एकाच मित्राने "एक नंबर" म्हटलं म्हणून मशीन घेऊ नका. तीन अनोळखी माणसांना द्या, वेगवेगळ्या मोसमात द्या.

लहान गावाची अडचण

इथे तुमच्यातले बरेच जण मनात म्हणत असतील, "सर, हे सगळं पुण्या-मुंबईला ठीक आहे. इथे एकमेकांना सगळे ओळखतात. कोणी मामाचा पोरगा, कोणी शाळेतला, कोणाकडून उसने घेतलेले. चहाला नाही म्हटलं तर म्हणतील, लय मोठा झाला."

अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण एफसीआयचे नियमही ओळख असू नये असं म्हणत नाहीत. ते काय म्हणतात बघा. गेल्या सहा महिन्यांत जो कुत्रा जजच्या मालकीचा किंवा भागीदारीचा होता, त्याने सांभाळला किंवा विकला, तो त्याच्यासमोर रिंगमध्ये यायला नको. ज्या शोमध्ये जज आहे तिथे त्याने स्वतःचा कुत्रा उतरवायचा नाही. जे लोक त्याच्यासमोर कुत्रे दाखवणार आहेत त्यांच्या गाडीतून शोला जायचं नाही, शोच्या आधी त्यांच्याकडे मुक्काम करायचा नाही, त्यांच्यासोबत उठबस करायची नाही.

म्हणजे नियम नात्यावर नाही, तारखेवर आणि व्यवहारावर आहे. आणि ते लहान गावातही जमतं. चहा प्या, पण निकाल लागल्यावर. लग्नाला जा, पण शोच्या आदल्या रात्री त्याच्या घरी मुक्काम नको. आणि मामाच्या पोराचा कुत्रा रिंगमध्ये येणार असेल तर आधीच आयोजकाला सांगा, "याचं माझं नातं आहे, या वर्गात मला उभं करू नका." हे लपवलं तर तो कुत्रा खरंच चांगला असून जिंकला तरी लोक म्हणणार, घरचाच होता. म्हणजे तुमच्या गप्प बसण्याने नुकसान मामाच्या पोराचंच.

आणि एक लक्षात घ्या. मोठ्या शहरात एका शोमध्ये नाव खराब झालं तर माणूस दुसऱ्या शहरात जातो. आपल्याला दुसरं गाव नाही. म्हणून हे नियम शहरापेक्षा आपल्याला जास्त लागू आहेत.

दोन टोप्या एका डोक्यावर

आता थोडं कडू बोलतो. कुत्र्यांच्या धंद्यात उतरणाऱ्या काही पोरांचा हिशेब असा असतो की जजचं प्रमाणपत्र मिळालं की पिल्लांचा भाव वाढेल. बोर्डावर 'जज' लिहिता येईल. गिऱ्हाईक येईल.

जज बनायला पैदाशीचा अनुभव लागतो, हे आपण वर बघितलं. म्हणून ब्रीडरने जज होऊच नये असं मी म्हणणार नाही, कारण मग जज येणार कुठून? पण जजपणाचा वापर पिल्लं विकायला करायचा नाही, ही रेघ मला पक्की वाटते. ज्या दिवशी तुम्ही बोर्डावर जज लिहून पिल्लू विकता, त्या दिवशी गिऱ्हाईक फक्त पिल्लू घेत नाही, तो पुढच्या शोमधल्या तुमच्या नजरेचाही थोडा भाव देतोय, असा त्याचा समज होतो. तुम्ही तसं म्हटलेलं नसतं, पण त्याने तसं ऐकलेलं असतं.

एफसीआयच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. जजने परीक्षणाची आमंत्रणं मागत फिरायचं नाही. आता मी तुम्हाला रोज सांगतो, दारोदार जा, काम मागा, लाजू नका. मग हे उलटं कसं? उलटं नाही. विकणाऱ्याने मागावं, तोलणाऱ्याने मागू नये. काटा धरणारा माणूस गिऱ्हाइकाकडे "मलाच तोलायला बोलवा" म्हणून गेला, तर काटा कुठे झुकणार हे लोकांना कळतं. तुम्ही ज्या कामात विकणारे आहात तिथे जोरात मागा. ज्या कामात तोलणारे आहात, मग ते बचत गटाचा हिशेब तपासणं असो की रांगोळी स्पर्धेचं परीक्षण, तिथे बोलावण्याची वाट बघा.

आणि पिल्लांच्या धंद्याबद्दल एक ओळ. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. जो हे पाळत नाही त्याने रिंगमध्ये उभं राहून दुसऱ्याचा कुत्रा तोलूच नये.

मग फुकट का राबायचं?

शेवटचा प्रश्न पैशाचा. तो विचारायलाच पाहिजे, त्यात लाज नाही. शिकाऊ काळात जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च बहुतेक स्वतःच्या खिशातून जातो. पुढे जज झाल्यावरही प्रवास, मुक्काम आणि थोडं मानधन, यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. यावर घर चालवायचं गणित मांडू नका. ज्याला घर चालवायचंय त्याने कुत्र्यांच्या सेवेचा धंदा करावा, जजपणा बाजूला हौस आणि मान म्हणून ठेवावा.

पण शिकणं आणि फुकट राबणं यात फरक आहे. शिकण्यात तुम्हाला काही परत मिळतं. मुख्य जज तुमची वही बघतो का? चूक दाखवतो का? किती शो, कोणत्या जाती, किती दिवस, हे आधी ठरलंय का? उत्तर हो असेल तर तो खर्च म्हणजे तुमची फी आहे, खुशाल भरा. आणि दिवसभर फक्त खुर्च्या लावायच्या, वही कोणी बघत नाही, कधी संपणार ते माहीत नाही, तर नम्रपणे विचारा. विचारल्यावर उत्तर मिळालं नाही, तर नम्रपणे निघा. नियम पाळायची अपेक्षा फक्त शिकाऊकडून नाही, शिकवणाऱ्याकडूनही आहे. तुमच्या दुकानात उद्या एखादा पोरगा शिकायला येईल, तेव्हा हेच प्रश्न त्याच्या जागी बसून स्वतःला विचारा.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून दिलं तर उपयोग नाही. तीन गोष्टी करा.

पहिलं, तुमच्या मालाचं किंवा सेवेचं मानक एका पानावर लिहा. पापड असेल तर जाडी, व्यास, मीठ, तळल्यावरचा रंग. आंघोळ-केस कापण्याचं दुकान असेल तर पाण्याची उष्णता, प्रत्येक कुत्र्यानंतर काय-काय धुवायचं. जे लिहिलेलं नाही त्यावर भांडण होतंच.

दुसरं, एक 'बाजूला होण्याची यादी' करा. कोणाच्या बाबतीत तुम्ही निर्णय घ्यायचा नाही? मेव्हण्याची उधारी, मित्राच्या मालाची खरेदी, भाच्याची नोकरी. ती नावं लिहा, आणि तिथे निर्णय कोण घेईल तेही लिहा.

तिसरं, दिवसात एकदा तरी, जिथे खरंच माहीत नाही तिथे "सांगता येत नाही, बघून सांगतो" असं म्हणा. आणि मग बघून, खरंच सांगा.

ज्याला कुत्र्यांच्या रिंगमध्ये जायचंय त्याने चौथं काम करावं. जवळपास शो होईल तेव्हा तिकीट काढून जावं, रिंगच्या दोरीबाहेर उभं राहून एका जातीचे सगळे कुत्रे बघावेत आणि निकालाआधी आपला क्रम वहीत लिहावा. कोणाला दाखवू नका. पुढच्या शोला तीच वही घेऊन जा.

भेटू पुढच्या विषयाला. काम करत राहा.